बंब निघण्याची वाट आणि परतण्याची वाट : अग्निशमन केंद्राच्या एका नमुना आराखड्याचे परीक्षण

सोलापुरातील एका वास्तुविशारद कार्यालयाने मध्यम आकाराच्या शहरांसाठी अग्निशमन केंद्राचा नमुना आराखडा तयार केला असून नगरपालिका, औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांच्या संघटना आणि मोठे खासगी प्रकल्प यांना तो विकत घेता येईल अशा संचाच्या रूपात उपलब्ध केला आहे. संचात स्थापत्य आणि संरचनेची रेखाचित्रे, वीज व पाणीपुरवठ्याचे नकाशे, साहित्याची यादी आणि छत उचलून आतली मांडणी पाहता येईल अशी लाकडी प्रतिकृती आहे. जुळे सोलापूरसारख्या हद्दवाढ भागातील, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा एक हेक्टरचा भूखंड त्यात गृहीत धरलेला आहे. यंत्रमाग कारखान्यांची बांधकामे हाताळणारा स्थापत्य अभियंता या नात्याने मी हा संच तपासला. बंब केंद्रातून बाहेर पडण्याचा विचार या आराखड्यात फार चांगला झाला आहे, पण बंब आणि जवान परत येतात तेव्हाचा विचार अर्ध्यावर सुटला आहे, असे माझे मत झाले.

राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केल्यामुळे पुढील काळात अशा इमारती जागोजागी उभ्या राहतील, आणि त्यांतील बऱ्याच तयार नकाशांवरूनच बांधल्या जातील हे उघड आहे. नगरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २ लाख लोकसंख्येमागे एक अग्निशमन केंद्र आणि त्यासाठी १ हेक्टर जागा असे प्रमाण सांगितलेले आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे त्या वेळच्याच आकड्यावर हिशेब केला तरी पाच केंद्रांची गरज निघते. शहराचे स्वरूपही एकसारखे नाही. साखर पेठ, भवानी पेठ या भागांत माणसे खाली राहतात आणि वरच्या किंवा मागच्या खोलीत माग चालतात, तर अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांत सूत, तयार माल, यंत्रे आणि कधी कधी राहती घरेही एकाच छताखाली असतात. १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. कापसाच्या आणि सुताच्या गाठींची आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. गाठी एकेक ओढून, फोडून भिजवाव्या लागतात आणि त्यात तासन् तास जातात. म्हणून सोलापुरात केंद्राचा नकाशा तपासताना बंब किती लवकर निघाला एवढ्यावर थांबता येत नाही. दहा-बारा तासांनी काजळीने माखून, ओल्या कपड्यांत परत आलेल्या माणसांना ती इमारत कशी सामावून घेते हेही पाहावे लागते.

आधी जमेची बाजू. बंबांचे दालन दोन्ही टोकांना उघडे ठेवलेले आहे, त्यामुळे बंब मागच्या बाजूने आत येतो आणि पुढच्या बाजूने बाहेर पडतो. त्याला कधीही उलटे यावे लागत नाही. पाण्याने भरलेला बंब पंधरा टनांच्या पुढे जातो, आणि रहदारीच्या रस्त्यावर तो आडवा लावून, एका जवानाने शिट्टी वाजवीत मागे घेणे हा वेळेचा अपव्यय तर आहेच, शिवाय केंद्रातील अपघातांचे ते एक नेहमीचे कारण आहे. या सोयीसाठी मागे बारा मीटर रुंद रस्ता सोडावा लागतो आणि भूखंडाचा मोठा तुकडा त्यात जातो. लहान जागेत हे परवडत नाही, पण एक हेक्टर मिळत असेल तर या बाबतीत काटकसर करू नये. चार गाळ्यांची रुंदी प्रत्येकी पाच मीटर धरली आहे, त्यामुळे बंबाची दोन्ही बाजूंची कप्प्यांची दारे उघडी असतानाही मधून माणूस चालू शकतो. पुढचे अंगण एका बंबाच्या लांबीपेक्षा बरेच खोल असल्याने बाहेर आलेला बंब रस्त्यावर तोंड न काढता थांबू शकतो आणि चालकाला दोन्ही बाजूंची वाहने दिसतात. शेजारी एक अरुंद पाचवा गाळा लहान वाहनासाठी ठेवला आहे. जुन्या पेठांतील बोळ ज्याने पाहिले आहेत त्याला या गाळ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दारांच्या बाबतीत आराखड्याने चालू प्रघात मोडला आहे, आणि तो योग्य कारणासाठी मोडला आहे. आपल्याकडे अशा दालनांना बहुधा गुंडाळते शटर बसवतात. ते सावकाश वर जाते, अर्ध्यावर अडकले तर चालकाला आपल्या बसण्याच्या जागेवरून कळत नाही, आणि वीज गेल्यावर साखळी ओढत बसावे लागते. इथे मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना घडी होणारी चार पाखांची दारे सुचवली आहेत. ती काही सेकंदांत उघडतात, उघडली की नाही हे समोर दिसते, आणि वीज नसताना एक माणूस ती हाताने लोटू शकतो. खर्च जास्त आहे आणि बिजागऱ्यांची निगा राखावी लागेल. तरीही संपूर्ण संचातील एकच निर्णय निवडायला मला सांगितले तर मी हाच निवडेन.

वॉच रूम दालनाच्या कोपऱ्यात, रस्ता आणि बंब दोन्ही दिसतील अशी ठेवली आहे. १०१ वर आलेला फोन घेणाऱ्या माणसाला मान वळवली की कोणता बंब जागेवर आहे हे दिसते. जवानांची विश्रांतीची खोली तळमजल्यावर असून तिच्या दारापासून सर्वांत दूरच्या बंबापर्यंतचे अंतर नकाशावर सव्वीस मीटर भरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए १७१० या मानकात आगीच्या वर्दीसाठी, सूचना मिळाल्यापासून वाहन हलेपर्यंत ८० सेकंदांची मर्यादा आहे. ते मानक आपल्यावर बंधनकारक नाही, पण मापदंड म्हणून उपयोगी आहे. सव्वीस मीटर सरळ, एकही जिना नसलेली, दारे बाहेरच्या दिशेने उघडणारी वाट असेल तर धावण्यात जेमतेम दहा सेकंद जातात आणि उरलेला वेळ अंगावर पोशाख चढवायला मिळतो.

असे असताना प्रतिकृतीत एक चकचकीत पितळी खांब का उभा केला आहे हे मला समजले नाही. शिकागोतील एका पथकाचे कप्तान डेव्हिड केन्यन यांनी १८७८ मध्ये वरच्या मजल्यावरून झटकन उतरण्यासाठी असा खांब वापरात आणला, तेव्हा खाली घोडे आणि वर गवताचा माळा असे केंद्र होते. पुढे घोटे आणि पाठीच्या दुखापती, तसेच खांबाच्या भोकातून वर चढणारा वाहनांचा धूर यांमुळे अनेक ठिकाणी तो काढून टाकण्यात आला. माणसे तळमजल्यावरच झोपणार असतील तर खांब शोभेपुरता उरतो. शाळेच्या सहलींना तो आवडेल असे कार्यालयाचे म्हणणे असेल तर त्यांनी तो अंगणात, वाळूच्या खड्ड्यावर उभारावा.

आता परतीच्या वाटेकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच मानवात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात नोंदवला. त्या आधीपासूनच परदेशातील नव्या केंद्रांचे नकाशे तीन पट्ट्यांत विभागले जाऊ लागले होते : बंब आणि आगीवरून आलेले साहित्य यांचा मळका पट्टा, धुण्या-बदलण्याचा मधला पट्टा, आणि झोपण्या-जेवण्याचा स्वच्छ पट्टा. मळक्यातून स्वच्छ पट्ट्यात जायचे तर मधल्या पट्ट्यातूनच जावे लागेल अशी दारांची रचना करणे हे त्याचे मर्म आहे. आराखड्याच्या माहितीपुस्तिकेत या तीन पट्ट्यांचे रंगीत चित्र मोठ्या डौलाने छापले आहे, मात्र तळमजल्याच्या प्रत्यक्ष नकाशावर बोट ठेवून चालत गेले तर ते चित्र टिकत नाही. मागच्या बाजूने आत आलेला जवान बंबाजवळ उतरतो, पोशाखाच्या खोलीत जाकीट आणि हेल्मेट ठेवतो, आणि न्हाणीघराकडे जाण्यासाठी त्याला भोजनकक्षाच्या मधून जावे लागते. मार्गिकेतून वळसा घालून जाणारे दुसरे दार आहे, पण ते जिन्याखाली असून त्यातून स्ट्रेचर जाईल एवढीही रुंदी नाही. रात्रभर गाठी उपसून आलेला माणूस जवळची वाटच धरणार, आणि त्याच्या पायांबरोबर काजळी ताटाजवळ पोहोचणार. खरे म्हणजे भोजनकक्ष आणि न्हाणीघर यांची अदलाबदल केली की हा दोष सुटतो. दोन्ही खोल्यांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे आहे आणि एकही कॉलम हलवावा लागत नाही. इतका सोपा उपाय समोर असताना तो सुचला नाही, याचे कारण नकाशा पाहताना सर्वांची नजर दालनातून रस्त्याकडे गेली आणि उलट दिशेने कुणी चालून पाहिले नाही, हेच असावे.

बाहेर पडण्याची जलद वाट आणि धुराची वाट यांचाही येथे संघर्ष आहे. विश्रांतीच्या खोलीचे दार थेट दालनात उघडते. वेळेच्या दृष्टीने ते उत्तम आहे, पण रोज सकाळी बंब सुरू करून तपासले जातात तेव्हा तोच धूर त्याच दाराने गाद्यांपर्यंत जाईल. दोन्ही टोकांची दारे उघडी असली की दालनातून वारा खेळतो आणि धूर निघून जातो, असे पुस्तिका सांगते. दिवसा हे पटते. थंडीच्या रात्री दारे बंद असताना पटत नाही. मध्ये दोन दारांची छोटी खोली ठेवावी आणि धूर सोडणाऱ्या नळीला जोडून तो छपराबाहेर नेणारी यंत्रणा निदान दोन गाळ्यांत बसवावी. दोन दारांमुळे एखाद-दुसरा सेकंद वाढेल, तो मी आनंदाने देईन.

पोशाखाची खोली स्वतंत्र, हवेशीर आणि उन्हापासून दूर आहे हे मात्र नीट साधले आहे. अनेक ठिकाणी जाकिटे बंबाशेजारच्या खुंट्यांवर टांगलेली दिसतात, तिथे ती धूर शोषतात. उन्हात वाळत घातली तर अतिनील किरणांनी त्यांतील आगरोधक अरामिड धाग्याची ताकद घटते. पण ही जाकिटे धुवायची कुठे? नकाशात साध्या कपडे धुण्याच्या यंत्राची जागा आहे आणि तिचा निचरा स्वयंपाकघराच्या नळीला जोडलेला आहे. पोशाख धुण्याचे मोठे यंत्र, त्याचा वेगळा निचरा आणि होज (पाणी मारण्याचे लांब पाइप) धुण्याचा उतरता ओटा हे सर्व मागच्या रस्त्यालगत, बंब आत शिरण्यापूर्वी लागेल अशा जागी हवे. तिथेच सावलीचा एक कट्टा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पंखा हवा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना जाड पोशाखात काम करून आलेल्या माणसाला लगेच आंघोळ नको असते. त्याला आधी बसायचे असते.

पाण्याचा हिशेब या संचात समाधानकारक आहे. शहराला पाणी मुख्यतः उजनीवरून येते आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येते, हे कार्यालयाने गृहीत धरले आहे. भूमिगत टाकी दीड लाख लिटरची आहे, म्हणजे साडेचार हजार लिटरचा बंब बाहेरून थेंबही न घेता तेहतीस वेळा भरता येतो. बंब भरण्याचा उंच नळ मागच्या वाटेवर असल्यामुळे परत आलेला बंब भरूनच जागेवर जातो. परतीचा विचार नेमका इथे झाला आहे आणि तो बंबासाठी झाला आहे, माणसांसाठी नाही. छताचे क्षेत्रफळ सुमारे बाराशे चौरस मीटर आहे आणि सोलापूरकडे वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे वाया जाणारे पाणी वजा करूनही वर्षाला पाच लाख लिटरच्या आसपास पाणी जमू शकते. कवायतीच्या मैदानावर फवारलेले पाणी गाळून पुन्हा टाकीत आणण्याची सोयही आहे. टँकरच्या रांगा पाहणाऱ्या वस्तीच्या शेजारी रोज सरावासाठी पाणी उडवणे जवानांनाही जड जाते, त्यामुळे ही सोय केवळ काटकसरीची नाही.

उष्णतेवरचा उपाय मात्र मला मान्य नाही. सोलापूर परिसरातील माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे उन्हाळ्यात आत थंड राहतात, यावरून दालनाच्या आणि विश्रांतिकक्षाच्या स्लॅबवर तीस सेंटिमीटर मातीचा थर सुचवला आहे. कल्पना ऐकायला आपल्या मातीतली वाटते आणि पुस्तिकेत तिचे वर्णनही मोठ्या जिव्हाळ्याने केले आहे. परंतु तीस सेंटिमीटर माती म्हणजे चौरस मीटरला अर्ध्या टनाहून अधिक वजन, आणि नुसत्या चार गाळ्यांवरच दोनशे टनांहून अधिक भार. पाऊस मुरला की तो आणखी वाढतो. हा भार ज्या दालनावर ठेवायचा आहे त्याला पुढे आणि मागे भिंतीच नाहीत, फक्त दारे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड धाबी कोसळून हजारो माणसे दगावली, हे या भागातील अभियंत्याने विसरून चालणार नाही. भूकंपाचा धक्का इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. शिवाय आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत अग्निशमन केंद्राच्या इमारतीला १.५ हा महत्त्व गुणांक दिलेला आहे, म्हणजे साध्या इमारतीच्या दीडपट बल धरून तिचा आराखडा करायचा असतो. भूकंपानंतर ज्या इमारतीतून बंब निघायचा, तिचीच चौकट वाकली आणि दारे अडकली तर सगळेच संपले. कार्यालयाच्या गणितात १.५ गुणांक धरलेला आहे, पण मातीच्या थराचे ओले वजन धरलेले मला आढळले नाही. मधे हवेची पोकळी ठेवून हलके दुहेरी छत आणि वर पांढरा परावर्तक थर दिला तर बराचसा गारवा फार कमी वजनात मिळतो. दालनावर दुसरा मजला चढवलेला नाही, ही संरचनेच्या दृष्टीने सुज्ञपणाची गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. पश्चिमेच्या भिंतीवरील काळ्या दगडाची जाळी आणि अंगणाच्या कडेची शहाबादी फरशी यांना माझा विरोध नाही. बंबाच्या चाकांखाली मात्र शहाबादी नको, तिथे काँक्रीटच हवे, आणि तसे ते दाखवलेही आहे.

दर्शनी रूपाबद्दल थोडे. अग्निशमन केंद्र ही वास्तुविशारदांना नाव मिळवून देणारी इमारत आहे. झाहा हदीद यांनी जर्मनीतील वाइल आम ऱ्हाइन येथे व्हित्रा कंपनीसाठी बांधलेले, १९९३ मध्ये पूर्ण झालेले केंद्र जगभर छापले गेले. धारदार काँक्रीटच्या त्या इमारतीचा अग्निशमनासाठी वापर काही वर्षांतच थांबला आणि आता तिथे प्रदर्शने भरतात. याउलट न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधील रेस्क्यू कंपनी २ या सुटका पथकासाठी स्टुडिओ गँग या वास्तुविशारद कार्यालयाने २०१९ मध्ये पूर्ण केलेल्या इमारतीत मधोमध उंच पोकळी आहे आणि तिच्याभोवतीचे सज्जे, जिने आणि खिडक्या सुटकेच्या सरावासाठी वापरता येतात. तिथे इमारत हेच सरावाचे साधन आहे. आपल्या आराखड्यातील पाच मजली मनोरा या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभा आहे. पूर्वी असे मनोरे सुती होज उभे टांगून वाळवण्यासाठी बांधत. कृत्रिम धाग्याच्या होजना त्याची फारशी गरज उरलेली नाही, तेव्हा मनोऱ्याचे खरे काम शिडी आणि दोर यांचा सराव. इथे मनोऱ्याच्या रस्त्याकडील दोन्ही बाजूंवर सोलापुरी चादरीच्या नक्षीची लाल-पांढरी टाइल बसवली आहे आणि त्या नक्षीच्या सलगतेसाठी त्या बाजूंच्या खिडक्या बुजवल्या आहेत. दुरून मनोरा देखणा दिसतो, आपल्या गावाचा वाटतो. पण सरावाला उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीसमोर विजेची तार आणि दुसरीसमोर कर्मचारी निवासस्थाने येतात, त्यामुळे शिडीचे वाहन उभे करायला मोकळी बाजूच राहत नाही. नक्षी खिडक्यांना फेर घालून जाऊ शकते. चादरीचे काठ तसे जातातच.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. महिला जवानांसाठी स्वतंत्र विश्रांती आणि न्हाणीघर मूळ नकाशातच आहे, नंतर जोडलेले नाही. नागरिकांसाठीचा कक्ष लहान आहे. मुंबई गोदीतील १९४४ च्या स्फोटाची आठवण म्हणून १४ एप्रिलपासून पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहात शाळांच्या रांगा लागल्या तर मुले अंगणात, म्हणजे बंबांच्या वाटेवरच उभी राहतील. या कक्षाला बाजूच्या रस्त्याने वेगळे प्रवेशद्वार द्यावे. निवासस्थानांचे फाटकही याच कारणासाठी अंगणात उघडू नये.

हा संच घेऊ इच्छिणाऱ्यांनी भूखंडाची मांडणी, दालन, दारे आणि पाणी यांची रेखाचित्रे आहेत तशी वापरायला हरकत नाही. तळमजल्याच्या मागच्या भागाचा नकाशा आणि छताचा तपशील मात्र बदलून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि छत बदलले की कॉलम, बीम व पायाचे गणित स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून पुन्हा करून घ्यावे. भूखंड एक हेक्टरपेक्षा लहान असेल तर हा संच घेऊच नये, कारण मागचा रस्ता काढून टाकला की त्यातील निम्म्याहून अधिक रेखाचित्रे निरुपयोगी होतात आणि लहान जागेसाठीचा पर्यायी नकाशा कार्यालयाने अद्याप दिलेला नाही.